बीज कोणाचे, मूल कोणाचे?



गुरुजींच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी विद्यालयाची मनःपूर्वक ऋणी आहे. गुरुजींच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. परंतु त्यांच्या हाताखाली शिकलेली कितीतरी मुले-मुली पुढे संसारात पडल्यावर माझ्या दवाखान्यात आली, आणि त्यांच्याकडून एक गोष्ट मी पुनःपुन्हा ऐकली. विज्ञानाच्या पुस्तकातील प्रजननाचा पाठ बहुतेक ठिकाणी ‘घरी वाचून या’ एवढे सांगून उरकला जातो. गुरुजी तो पाठ फळ्यावर आकृती काढून, मुलामुलींना एकत्र बसवून, आवाज यत्किंचितही न बदलता शिकवीत. अशा शिक्षकाच्या स्मरणार्थ बोलताना विषयाचा संकोच बाळगणे म्हणजे त्यांचा अवमान करणे होय. म्हणून अपत्यप्राप्तीच्या उपचारांत परक्या स्त्रीचे किंवा परक्या पुरुषाचे बीज घेणे, आणि त्याकडे पाहण्याची आपली दृष्टी, हा विषय मी आज निवडला आहे.

हा विषय शाळेच्या व्यासपीठावर कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. त्यांना माझे नम्र उत्तर असे की, तो आपल्या घरांत शिरलेला आहेच. केवळ बोलला जात नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून तापीच्या काठाकाठाने आपली माणसे सुरतेस आली. कोणी यंत्रमागावर, कोणी रंगाई-छपाईच्या कारखान्यात, कोणी हिऱ्याच्या कारखान्यात कामाला लागले. बाया घरी बसून साड्यांवर खडे-टिकल्या लावू लागल्या. गाव सुटले, बोलीत गुजराती शब्द मिसळले. पण लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की जी कुजबुज गावी सुरू होई, तीच कोसाडच्या चाळींत आणि आवासांतही सुरू होते. ओटी भरण्याच्या वेळी एखादीला वगळले जाते. डोहाळेजेवणाचे आमंत्रण तिला जात नाही. आणि तिच्यासाठी आपल्या भाषेने जो शब्द घडवून ठेवला आहे, त्याचे पुल्लिंगी रूप भाषेत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्या विवेचनाचा धागा येथूनच निघतो.

प्रथम विषयाची व्याप्ती स्पष्ट करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे साधारणतः सहांत एक व्यक्ती, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव घेते. यांतील बहुसंख्य जोडप्यांना साध्या उपचाराने किंवा त्यांच्या स्वतःच्या बीजांवर केलेल्या प्रयोगशाळेतील उपचाराने मूल होऊ शकते. तथापि काही स्त्रियांचे अंडाशय अकाली थकतात, काही पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू मुळीच नसतात, आणि काही घराण्यांत गंभीर आनुवंशिक व्याधी असते. अशा वेळी वैद्यकशास्त्र दुसऱ्याचे बीज घेण्याचा मार्ग दाखविते. पुरुषाचे घेतले तर शुक्राणुदान, स्त्रीचे घेतले तर स्त्रीबीजदान.

या शास्त्रात आपला देश मागे राहिलेला नाही. जगातील पहिली नलिका-बालिका २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मली. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने भारतातील पहिली अशी बालिका जन्मली. त्यांच्या वाट्याला मात्र मान्यतेऐवजी अवहेलना आली, आणि १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपविले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कार्यातून झालेला जन्म ही शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेली पहिली भारतीय घटना मानली गेली. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रे तपासून पहिलेपणाचा मान त्यांना मोठ्या मनाने देऊ केला. डॉ. हिंदुजांच्याच प्रयत्नांनी १९९१ च्या जानेवारीत दान केलेल्या स्त्रीबीजापासून मूल जन्मले. म्हणजे ज्या गोष्टीविषयी आपण आजही दबक्या आवाजात बोलतो, ती मुंबईत घडून तीन दशके उलटून गेली आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. तीस वर्षांहून अधिक काळ स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना माझ्या ध्यानात एक विषमता आली. पत्नीचे बीज निकामी आहे, दुसऱ्या स्त्रीचे घ्यावे लागेल, असे सांगितले की घरात दुःख होते, खर्चाची चर्चा होते, आणि बहुधा चार दिवसांत होकार येतो. सासू म्हणते, ‘बीज कोणाचेही असो, वंश तर आमचाच ना?’ याउलट पतीच्या वीर्यात शुक्राणू नाहीत, दुसऱ्या पुरुषाचे घ्यावे लागतील, असे सांगितले की खोलीत शांतता पसरते. पुष्कळ जोडपी त्यानंतर परत येत नाहीत. जी येतात, त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘घरी कळणार तर नाही ना?’ वास्तविक दोन्हींत परस्परांना न पाहिलेल्या माणसांची बीजे प्रयोगशाळेत हाताळली जातात. देहसंबंधाचा लवलेशही नसतो. तरीही एक दान ‘उपचार’ ठरते आणि दुसरे ‘कलंक’. असे का व्हावे?

याचे उत्तर फार जुने आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक दीर्घ चर्चा येते. शेतकऱ्याच्या शेतात दुसऱ्याचे बी पडले व पीक आले, तर ते कोणाचे? शेतमालकाचे की बीजमालकाचे? आगाऊ करार झाला असेल तर दोघांचे, नसेल तर शेतमालकाचे, असा निवाडा तेथे दिला आहे. ही चर्चा अर्थातच शेतीची नाही. शेत म्हणजे स्त्री, शेतमालक म्हणजे तिचा पती. अशा रीतीने जन्मलेल्या पुत्राला क्षेत्रज म्हणत. याच अध्यायात नियोगाचा विधी सांगितला आहे आणि लगेच त्याची निंदाही केली आहे. पुढील निबंधकारांनी तर तो कलियुगात वर्ज्यच ठरविला. म्हणजे परक्या बीजाविषयीची आपली ओढ आणि भीती या दोन्ही आजच्या नाहीत.

या चर्चेत ज्याला कधी विचारले गेले नाही, त्याच्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. महाभारतात विचित्रवीर्य निपुत्रिक मरण पावल्यावर सत्यवतीने व्यासांना बोलाविले. अंबिकेने भीतीने डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली. त्यांच्या इच्छेचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. पुन्हा जाण्याची आज्ञा झाली तेव्हा अंबिकेने आपल्याऐवजी दासीला पाठविले. तिच्या पोटी विदुर जन्मला. त्या दासीचे नाव मूळ कथेत येत नाही. मोठ्या घरच्या स्त्रीला जे सोसवेना, ते सोसण्यासाठी गरीब घरची स्त्री पुढे केली गेली, आणि तिची नोंदही राहिली नाही. या कथेवरून आपल्या पूर्वजांना आजचे शास्त्र अवगत होते, असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटतात. मला ते मान्य नाही. कथा शास्त्राचा पुरावा देत नाही; ती समाजाच्या मनाचा पुरावा देते, आणि तो पुरेसा बोलका आहे.

शास्त्राने त्या शेताच्या उपमेचा पायाच काढून घेतला आहे. लेवेनहुकने १६७७ साली सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू पाहिले. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज फॉन बेअरला दिसले ते त्यानंतर दीडशे वर्षांनी, १८२७ साली. तेव्हापासून हे निर्विवाद आहे की स्त्री ही बीज पेरण्याची जमीन नव्हे. तिचे स्वतःचे बीज असते. गर्भाच्या पेशीकेंद्रातील गुणसूत्रांपैकी निम्मी आईकडून आणि निम्मी वडिलांकडून येतात. ‘वंश आमचाच’ हे सासूचे वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे. दान केलेले स्त्रीबीज वापरले तर मुलाचा निम्मा आनुवंशिक वारसा अनोळखी स्त्रीचा असतो, अगदी जितका दुसऱ्या बाबतीत अनोळखी पुरुषाचा असतो तितकाच. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही दाने सारख्या वजनाची आहेत. वेगळे वजन आपण लावतो.

इतकेच असते तर मी याला समजुतीचा दोष म्हणून सोडून दिले असते. परंतु या खोट्या वजनापायी तीन माणसांवर अन्याय होतो, आणि तो मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

पहिला अन्याय पत्नीवर. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणासोबत, आढळते. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी आहे. तरीही कित्येक घरांत पत्नीच्या रक्ताच्या तपासण्या, गर्भनलिकांची क्ष-किरण तपासणी, प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होऊन जाते, आणि पतीने एकदाही तपासणी करून घेतलेली नसते. यामागे एक घोटाळा आहे. शुक्राणू नसणे आणि पौरुष नसणे या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. वास्तविक त्यांचा परस्परसंबंध फार थोडा. वृषणांना शरीराच्या इतर भागांपेक्षा थोडे कमी तापमान लागते. भट्टीसारख्या उष्णतेत वर्षानुवर्षे काम, तंबाखूचे व्यसन, पूर्वी झालेला गालगुंडाचा आजार, अशी कितीतरी कारणे शुक्राणूंवर परिणाम करू शकतात. त्यात लाज वाटावी असे काही नाही. शिवाय १९९२ साली ब्रुसेल्स येथील संशोधकांनी एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत यशस्वी केल्यापासून, पूर्वी ज्यांना दात्याशिवाय गत्यंतर नव्हते अशा पुष्कळ पुरुषांना स्वतःच्या बीजाने मूल होऊ लागले आहे. जो तपासणीच टाळतो, तो ही वाटही स्वतःच्या हाताने बंद करतो, आणि दोष मात्र पत्नीच्या पदरात टाकतो.

दुसरा अन्याय बीज देणाऱ्या स्त्रीवर. येथे समाजाचे वजनमाप आणि शरीराचे वजनमाप अगदी उलट आहे. शुक्राणुदान करणाऱ्या पुरुषाला काही मिनिटे लागतात, आणि त्याच्या देहाला अपाय होत नाही. त्याचे वीर्य गोठवून ठेवतात आणि सहा महिन्यांनी त्याची पुन्हा तपासणी झाल्यावरच वापरात आणतात. स्त्रीबीजदान मात्र साधे नाही. निसर्गतः महिन्याला एक बीज पक्व होते. एकाच वेळी अनेक पक्व व्हावीत म्हणून त्या स्त्रीला सुमारे दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, वारंवार सोनोग्राफी होते, आणि शेवटी भूल देऊन योनिमार्गातून सुई घालून बीजे काढली जातात. क्वचित अंडाशय प्रमाणाबाहेर उद्दीपित होतात, पोटात पाणी साचते, श्वास लागतो, रक्ताच्या गुठळ्या होतात. कधी जिवावरही बेतते. २०१० साली मुंबईत स्त्रीबीजदानानंतर एका अल्पवयीन मुलीचा मृत्यू झाला आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२२ साली तामिळनाडूतील ईरोड येथे सोळा वर्षांच्या मुलीला बनावट आधारपत्र करून वारंवार बीजे द्यावयास लावल्याचे उघडकीस आले. अटक झालेल्यांत तिची आईही होती. ज्याला आपण ‘साधा उपचार’ म्हणून चार दिवसांत होकार देतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण उभी आहे, हे कोणी विचारीत नाही. व्यासांकडे पाठविलेली ती निनावी दासी अजून तेथेच उभी आहे.

याच कारणाने संसदेने साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या नियमनाचा अधिनियम २०२१ साली संमत केला. तो २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यातील काही तरतुदी मी येथे सांगते, कारण त्या आपल्या वस्तीतील प्रत्येक स्त्रीला ठाऊक असावयास हव्यात. बीज देणाऱ्या स्त्रीचे वय २३ ते ३५ आणि पुरुषाचे २१ ते ५५ असले पाहिजे. स्त्रीला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते, आणि त्या वेळी सातांहून अधिक बीजे काढता येत नाहीत. तिच्यासाठी मूल इच्छिणाऱ्या दांपत्याने बारा महिन्यांचा विमा उतरविणे बंधनकारक आहे. एका दात्याचे बीज एकाहून अधिक दांपत्यांना देता येत नाही. सर्व संबंधितांची लेखी संमती हवी. बीजांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. उद्या कोणी मध्यस्थ आपल्या दारी येऊन ‘पंधरा दिवसांचे काम आहे, इतके रुपये मिळतील, दोन-तीनदाही करता येईल’ असे सांगू लागली, तर ती बेकायदेशीर गोष्ट सांगत आहे, हे ओळखावे.

तिसरा अन्याय मुलावर. आणि तो सर्वांत नकळत होतो. २००८ साली आपल्या गुजरातेतील आणंद येथे एका जपानी दांपत्यासाठी एक बालिका जन्मली. शुक्राणू पित्याचे, स्त्रीबीज अज्ञात दात्रीचे, गर्भाशय तिसऱ्याच स्त्रीचे. मुलगी जन्मण्यापूर्वीच दांपत्याचा घटस्फोट झाला आणि पत्नीने मुलीची जबाबदारी घेतली नाही. कागदावर आई म्हणून कोणाचे नाव लिहावे, हे कोणालाच सांगता येईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मुलीला सांभाळायला आजी जपानहून आली, आणि कित्येक आठवड्यांनंतर त्या तान्ह्या जिवाला घरी जाता आले. तीन स्त्रियांचा संबंध असूनही तिला आई नव्हती. आता कायद्याने हा प्रश्न सोडविला आहे: ज्या दांपत्याने उपचार करविला, त्यांचेच ते मूल, दात्याचा त्यावर कोणताही हक्क नाही आणि मुलाला वारसाहक्कासह सारे अधिकार त्या दांपत्याकडूनच मिळतात. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानेही, बहिणीसाठी बीज दिलेल्या एका स्त्रीला केवळ त्या कारणाने जुळ्या मुलींवर आईचा हक्क सांगता येणार नाही, असा निर्णय दिला. मुली ज्या आईच्या म्हणून जगात आणल्या गेल्या, त्या आईला त्यांना भेटण्याची मुभा मिळाली.

कायद्याने नाते निश्चित केले, पण घराने? आपल्याकडे हे गुपित मरेपर्यंत जपावे असा सल्ला वडीलधारे देतात. मला वाटते, गुपिताला अखेर तडा जातोच. रागाच्या भरात एखादा काका बोलून जातो, रक्तगट जुळत नाही, आणि आता तर घरबसल्या आनुवंशिक तपासणी करता येते. तेव्हा मुलाला जे दुखते ते बीजाचे सत्य नव्हे. आपल्या माणसांनी इतकी वर्षे लपविले, हे दुखते. स्वीडनने १९८५ पासून, आणि ब्रिटनने २००५ पासून, दात्याची ओळख जाणून घेण्याचा हक्क अशा मुलांना दिला. आपल्या कायद्याने तसा हक्क दिलेला नाही. तो असावा की नसावा, याविषयी मतभेद संभवतात. दात्याच्या संरक्षणाचाही विचार करावा लागेल. परंतु दात्याचे नाव न सांगताही, ‘तू आम्हाला कसा मिळालास’ ही गोष्ट आईबापांना सांगता येते. लहानपणीच, गोष्ट सांगावी तशी सांगितली, तर ती मुलाच्या आयुष्याचा एक सरळ भाग होऊन जाते. दत्तक मुलांच्या बाबतीत आपल्याकडील कितीतरी पालकांनी हे करून दाखविले आहे.

येथे मला महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांचे स्मरण होते. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि १८७४ साली एका ब्राह्मण विधवेचा मुलगा आपला म्हणून घेतला. ना बीज त्यांचे, ना क्षेत्र त्यांचे. लोकांनी निंदा केली. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी दत्तकपुत्राच्या अधिकारास हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेतले. तोच मुलगा, यशवंत, पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये आईच्या खांद्याला खांदा लावून रुग्णांची सेवा करता झाला. त्याच साथीत सावित्रीबाई गेल्या. यशवंत कोणाचा मुलगा, असा प्रश्न आज महाराष्ट्रात कोणी विचारीत नाही. फुले दांपत्याने त्याचा जन्म लपविला नव्हता, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

मी बीजदानाचा पुरस्कार करण्यासाठी येथे उभी नाही. ज्यांना दत्तक घ्यावेसे वाटते त्यांनी अवश्य घ्यावे. ज्यांना मुलावाचून सुखाने जगता येते त्यांचाही संसार अपुरा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयांवर सव्वीस वर्षे निर्भयपणे लिहिले. ते व मालतीबाई यांनी मूल होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता. निर्णय कोणताही असो, तो दोघांनी मिळून, माहिती घेऊन, आणि दुसऱ्या कोणाच्या देहावर त्याचे ओझे न टाकता घेतलेला असावा, एवढेच माझे मागणे आहे.

म्हणून समारोप करताना चार गोष्टी सांगते. मूल होत नसेल तर दोघांची तपासणी एकाच दिवशी सुरू व्हावी. पत्नीची आधी आणि पतीची मग, असे नको. बीज घ्यावयाचे झाल्यास, ते देणारी स्त्री कायद्याच्या चौकटीतली आहे ना, तिचा विमा आहे ना, हे विचारणे आपले कर्तव्य समजावे. आपण डॉक्टरांना विचारले तरच ते विचारले जाईल. मुलाला त्याच्या जन्माची गोष्ट त्याच्याच घरात, त्याच्याच आईबापांच्या तोंडून कळावी. आणि हळदीकुंकवाला, डोहाळेजेवणाला, ओटी भरण्याला कोणतीही बाई वगळली जाऊ नये. याला ना पैसा लागतो, ना डॉक्टर.

शिक्षकबंधुभगिनींना माझी एकच विनंती आहे. प्रजननाचा तो पाठ वर्गात शिकवा. समोर बसलेल्या मुलांपैकी एखाद्याचा जन्म अशा उपचारातून झालेला असू शकतो, आणि एखादीला उद्या या निर्णयाला सामोरे जावे लागू शकते. तेव्हा तिला काय ठाऊक असेल, हे आज आपण काय बोललात यावर अवलंबून आहे.